एकाच पायाची पोटरी



शिखरजीची वंदना करून आल्यावर पोटऱ्या दुखत नाहीत अशी बाई मी अजून पाहिलेली नाही. नऊ किलोमीटरचा चढ, वर टोंकांची नऊ किलोमीटरची फेरी आणि पुन्हा नऊ किलोमीटर उतार. सगळे मिळून २७ किलोमीटर, तेही अनवाणी, मध्यरात्री दोनच्या सुमाराला मधुबनातून निघून. घरी आलं की आठ दिवस जिना एकेक पायरी आडवं होऊन उतरायचा, रात्री कोमट तेलाची वाटी घेऊन बसायचं आणि कुणी विचारलं की जरा अभिमानानेच सांगायचं, "अजून पाय बोलतायत!"

म्हणून जानेवारीत यात्रेहून परतल्यावर माझ्या धाकट्या जावेची पोटरी दुखायला लागली तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं. सोबत गेलेल्या सगळ्याच जणींचे पाय दुखत होते. फरक एवढाच की बाकीच्यांचे दोन्ही पाय दुखत होते आणि चार-पाच दिवसांत उतरले. हिचा एकच पाय, डावा, आणि तो रोज जास्त जड होत गेला. सहाव्या दिवशी डाव्या पायातलं पैंजण रुतायला लागलं म्हणून तिनं ते काढून ठेवलं. उजव्या पायातलं तसंच होतं.

हा लेख तिला विचारून लिहिते आहे. "अक्का, नाव नका घालू, पण गोळ्यांचं नक्की लिहा," असं ती म्हणाली. तर गोळ्यांचं पुढे येतंच.

आठव्या दिवशी ती गच्चीवर ऊन दिलेले गहू गोळा करायला निघाली आणि सहाव्या पायरीवर बसली. वय बेचाळीस, तब्येतीनं बारीक, कालपरवा पारसनाथाचा डोंगर चढून आलेली बाई घरातल्या जिन्यावर धापा टाकत होती. श्वास आत घेतला की उजव्या बरगडीखाली सुई टोचल्यासारखं होतंय म्हणाली. आदल्याच दिवशी ती गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन आली होती. तिथून पित्ताची आणि गॅसची गोळी मिळाली होती. प्रवास, जागरण, उपास, बाहेरचं पाणी, त्यामुळे होतं असं, हे तिलाही पटलं होतं.

कोरोनाच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं यंत्र आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात पडून होतं. तिच्या बोटाला लावलं तर ऑक्सिजन ८८ आणि नाडी १२४. यंत्र बिघडलं असेल म्हणून माझ्या बोटाला लावलं, ९७. पुन्हा तिच्या बोटाला, ८८. भावजींनी गाडी काढली आणि आम्ही तडक मिरज गाठली.

तिथे तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी जावेची साडी गुडघ्यापर्यंत सारून दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून मापं घेतली. डावी जवळपास चार सेंटिमीटरनं जास्त भरली. मग त्यांनी विचारलं, "लांबचा प्रवास झालाय का?" झालाय. मिरजेहून गाडीत दोन दिवस जाताना, दोन दिवस येताना. "पाणी नीट पीत होता?" जाऊ गप्प. आपण बायका गाडीत पाणी किती पितो ते तुम्हाला सांगायला नको. "कसल्या हार्मोनच्या गोळ्या चालू आहेत?" यावर ती जास्तच गप्प झाली. सासूबाई उभ्या होत्या, भावजी उभे होते. डॉक्टरीणबाईंनी दोघांना कागद भरायला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग ती म्हणाली, "पाळी पुढे ढकलायच्या. तेरा दिवस."

मैत्रिणींनो, इथे थांबून जरा स्पष्ट बोलू या. आपल्यात हे किती सर्रास चालतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. दशलक्षण आलं, पंचकल्याणक आलं, घरी मुनिश्रींचा आहार ठरला, यात्रेचं तिकीट निघालं, की कुणीतरी कानात सांगतं, "अगं गोळ्या घे की." औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणायच्या, पदराआड ठेवायच्या, नवऱ्यालाही सांगायचं नाही. चार महिने आधी तिकीट काढलेलं असतं, पैसे भरलेले असतात आणि डोंगराच्या पायथ्याशी धर्मशाळेच्या खोलीत तीन दिवस बसून परत यायचं या कल्पनेनं जीव कासावीस होतो. हे दुःख खोटं नाही. मी त्याला हसणार नाही.

पण त्या गोळीत काय असतं ते ठाऊक असावं. ते नॉरइथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक आहे. पाळी लांबवायला ते साधारण पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, इतक्या मोठ्या मात्रेत घेतात. एवढी मात्रा पोटात गेली की तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनच्या एका प्रकारात बदलतो आणि तो जवळपास नेहमीच्या गर्भनिरोधक गोळीत असतो तितका भरतो. इस्ट्रोजेननं रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात. बहुतेक जणींना काहीही होत नाही, हेही खरं. म्हणूनच तर "मी तीनदा घेतल्या, मला कुठं काय झालं" असं सांगणाऱ्या पन्नास जणी भेटतात. जिला आधी कधी गुठळी झाली आहे, जिच्या आईला किंवा बहिणीला झाली आहे, जी फार स्थूल आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रियेतून उठली आहे, तिला डॉक्टर ही गोळी देत नाहीत. दुकानदार यातलं काही विचारत नाही.

सोनोग्राफीसारखी एक डॉपलर तपासणी झाली, मग रंगद्रव्य शिरेत सोडून छातीचा सीटी स्कॅन. डाव्या मांडीपासून पोटरीपर्यंतच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होती. तिचे तुकडे सुटून, हृदयाच्या उजव्या कप्प्यातून जाऊन दोन्ही फुप्फुसांच्या धमन्यांत अडकले होते. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'अक्यूट पल्मनरी एम्बोलिझम'.

आम्हाला समजावलं ते असं. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना पोटरी आवळते, सैल होते आणि रक्त वर ढकललं जातं. माणूस तासन्तास पाय लोंबकळत ठेवून बसला की हा पंप बंद पडतो. रुडॉल्फ व्हिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८५६ च्या सुमाराला फुप्फुसात अडकलेल्या गुठळ्यांचं मूळ पायांच्या शिरांत असतं हे दाखवून दिलं. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा स्वतःचाच गोठण्याकडे कल असणं ही तीन कारणं त्यांच्या नावानं आजही शिकवतात. जावेच्या बाबतीत पहिलं गाडीनं केलं, तिसरं गोळ्यांनी आणि कमी पाण्यानं. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. मी तेही प्रामाणिकपणे लिहिते. नुसत्या गाडीनं नसतं झालं कदाचित, नुसत्या गोळीनंही नसतं.

भावजींचा विश्वासच बसेना. "डॉक्टर, हे परदेशातल्या लोकांना होतं ना? विमानात बसणाऱ्यांना?" त्यावर त्या म्हणाल्या, "या महिन्यातली ही तिसरी."

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. घरी आल्यावर मुलाकडून माहिती काढून घेतली, दोन डॉक्टर भाचरांना विचारलं. भावजी अगदी चुकीचं बोलत नव्हते. आपल्या आशियातल्या लोकांत हा आजार कमी होतो असं डॉक्टर मंडळी वर्षानुवर्षं मानत आली आणि त्याला आधारही आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नोंदी पाहिल्या तर तिथे राहणाऱ्या आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसतं. एक कारण रक्तातच आहे. १९९४ साली हॉलंडमधल्या लायडन शहरात रक्त गोठण्याशी संबंधित एक आनुवंशिक दोष सापडला, त्याला 'फॅक्टर फाइव्ह लायडन' म्हणतात. युरोपीय वंशाच्या शंभरातल्या साधारण पाच जणांत तो असतो. चीन, जपान, कोरियात तो जवळपास नाहीच. आपल्याकडे सापडतो, पण कमी.

पण म्हणून आशियाई माणूस सुटला असं नाही. जपानमध्ये रक्त गोठू न देणाऱ्या 'प्रोटीन एस' नावाच्या द्रव्याचा एक दोष आहे, तो साधारण पन्नास-पंचावन्न माणसांत एकाला असतो. गोऱ्यांचा दोष आपल्यात नाही, आपले आपल्याला आहेत. शिवाय कमी होतो असं एकदा मनात बसलं की कुणी शोधत नाही, आणि शोधलं नाही की आणखी कमी दिसतो. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये ३२ देशांतल्या रुग्णालयांची एक पाहणी छापून आली होती. भारतातल्या रुग्णालयांत ज्यांना गुठळीचा धोका होता त्या रुग्णांपैकी पाचात एकालासुद्धा ती टाळण्याचे उपाय मिळत नव्हते. गल्लीतल्या डॉक्टरांवर मी म्हणूनच फार रागावत नाही. त्यांनाही हे आपल्याकडचं दुखणं वाटत नसावं.

जपानचीच एक हकिकत मला विसरता येत नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या निगाता भागात मोठा भूकंप झाला. पुन्हा धक्के बसतील या भीतीनं लोक घरात जाईनात, रात्री आपापल्या मोटारीत बसल्या बसल्या झोपू लागले. भूकंपातून वाचलेली काही माणसं मग मोटारीतून उतरताना कोसळली. पायात झालेली गुठळी फुप्फुसात गेली होती. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पुरुष काय, कुठेही आडोसा शोधतात. बायका संडासाची सोय नाही म्हणून पाणीच पीत नव्हत्या. २०१६ साली कुमामोतोला भूकंप झाला तेव्हा पुन्हा तेच दिसलं, पण यावेळी डॉक्टर लोक मोटारींपाशी जाऊन पाय हलवा, पाणी प्या म्हणून सांगत होते, घट्ट मोजे वाटत होते. हे वाचताना मला आमचा स्लीपरचा डबा दिसत होता. खालच्या बाकावर मांडी घालून बसलेल्या आठ जणी, मधे जपाच्या माळा, फराळाचे डबे, आणि गाळलेल्या पाण्याची बाटली भरलेली तशीच.

आता दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवसाचं. हे लिहू की नको असं झालं होतं.

आल्या रात्री जावेला पोटात इंजेक्शन दिलं, दर बारा तासांनी एक. रक्त पातळ करणारं, एवढंच सांगितलं. कुणी काही विचारायच्या मनःस्थितीत नव्हतं. ऑक्सिजन लावलेला, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला, आणि रक्तदाब घसरला तर गुठळी विरघळवायचं वेगळं औषध द्यावं लागेल, त्यात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, असं सांगून सही घेतलेली. सकाळी माझा भाचा आला. त्याचं औषधांचं दुकान आहे. त्यानं खोकं हातात घेतलं, वाचलं आणि मला व्हरांड्यात बोलावून हळूच म्हणाला, "आत्या, हे डुकराच्या आतड्यापासून होतं."

खरं आहे ते. हेपॅरिन हे औषध १९१६ साली अमेरिकेत जे मॅक्लीन नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात सापडलं. पुढे गाईगुरांच्या फुप्फुसांतून काढत, आता मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. एनॉक्सापॅरिन हे त्याचंच नवं रूप. कोरोनात आपल्यातल्या कितीतरी लोकांना हीच इंजेक्शनं दिली गेली आणि कुणाला कळलंही नाही.

आम्ही कंदमूळ न खाणारी माणसं. केकचं पाकीट उलटून हिरवा ठिपका बघणारी. सासूबाईंना सांगावं की नाही यावर आम्हा दोघांत व्हरांड्यात बरीच कुजबूज झाली. मला वाटत होतं जावेला सांगायलाच हवं, शरीर तिचं, नियम तिचे. सांगितलं. ती दोन मिनिटं छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रात्रीचं दिलं ते दिलं. पुढचं दुसरं मिळतं का विचारा." सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं आता काही बोलतील. त्या आत आल्या, तिच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या, "गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य. तू काही संकल्प करून डुक्कर मारायला गेली नव्हतीस. आधी श्वास घे नीट."

शास्त्रात या बोलण्याला किती आधार आहे यावर जाणकारांनी वाद घालावा. उद्योगी, आरंभी, विरोधी आणि संकल्पी हे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकतो, औषध त्यांतल्या कशात बसतं हे मला सांगता येणार नाही. कुणाच्या तरी आतड्यातून ते निघालं ही गोष्ट मला अजूनही टोचते आणि टोचावी असंच मला वाटतं. पण त्या रात्री ते दिलं नसतं तर काय झालं असतं हेही मला डॉक्टरांनी सांगितलेलं आहे.

डॉक्टरांना विचारायला भाचाच गेला. मला वाटलं होतं हसतील. हसले नाहीत. फॉन्डापॅरिनक्स नावाचं एक इंजेक्शन आहे, ते पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं, त्यात प्राण्याचं काही नसतं. दिवसातून एकदा द्यायचं. पेशंटचा रक्तदाब स्थिर असेल आणि मूत्रपिंडं ठीक असतील तर चालतं. जावेचं दोन्ही ठीक होतं, दुसऱ्या दिवसापासून तेच दिलं. मैत्रिणींनो, हे नाव कागदावर लिहून घरच्या औषधांच्या डब्यात ठेवा. विचारण्यात कमीपणा नाही. फक्त विचारताना पहिला डोस अडवू नका. या दुखण्यात तास मोजतात.

सहाव्या दिवशी घरी सोडलं, रिव्हारोक्सॅबान नावाच्या गोळ्या देऊन. पहिले २१ दिवस दोन वेळा, मग एकदा, निदान तीन महिने. या गोळीची एक अट आहे, ती भरल्या पोटीच घ्यायची, रिकाम्या पोटी ती अंगी नीट लागत नाही. आमच्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही आणि सकाळी उजाडल्यावर दोन घटका झाल्याशिवाय कुणी तोंडात काही घालत नाही. मग सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा अशा वेळा डॉक्टरांकडून ठरवून घेतल्या. रोज त्याच वेळेला, चुकवायची नाही, एवढंच ते म्हणाले. पावणेसहाला तिचं ताट वाढलं जाई. सासूबाई घड्याळापाशी.

एक गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती, ती सांगते. ढकललेली पाळी दवाखान्यातून घरी आल्यावर आली, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे अशी आली की आठ दिवस थांबेना. हिमोग्लोबिन साडेआठवर आलं. घाबरून तिनं गोळी बंद करायचं मनात आणलं होतं. डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावलं, स्वतःहून बंद करायची नाही, इकडे या. लोह सुरू केलं, दुसरं औषध दिलं, निभावलं. अशा गोळ्या चालू असलेल्या कुणा लेकी-सुनेला पाळी जास्त जात असेल तर तिनं लाजून गप्प बसू नये.

तपासण्यांत तिचं बी १२ फारच कमी निघालं. आपल्यात ते बहुतेकींचं कमीच असतं. त्यानं रक्तात होमोसिस्टीन वाढतं आणि त्याचा गुठळ्यांशी संबंध दिसतो. पण बी १२ घेतलं की गुठळी होत नाही असं मात्र सिद्ध झालेलं नाही, डॉक्टरांनी हे मुद्दाम सांगितलं. ते हातापायांच्या मुंग्यांसाठी घ्या, रक्तासाठी घ्या.

आमच्या चुलत सासूबाईंच्या हृदयात धातूची झडप आहे. त्यांना ही नवी गोळी चालत नाही, जुनीच वॉरफेरिनच्या जातीची घ्यावी लागते. तिचं वैर पालेभाजीतल्या 'के' जीवनसत्त्वाशी. रोज थोडी मेथी-शेपू खाणाऱ्या बाईची मात्रा त्यावर बेतलेली असते. चातुर्मास लागला की त्या पालेभाजी सोडतात आणि तपासणीत रक्त गरजेपेक्षा पातळ निघतं, हिरड्यांतून रक्त येतं. कार्तिकात पुन्हा मेथीची जुडी आली की उलटं. आता त्या आषाढातच डॉक्टरांना सांगून ठेवतात, "भाजी बंद होणार आहे," आणि ते तपासणीच्या तारखा जवळ आणतात.

बाळंतिणींचंही जाता जाता सांगते, कारण आमच्याच नात्यात गेल्या वर्षी एक बाळंतपण झालं. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळीच्या दृष्टीनं सगळ्यात जोखमीचे. आणि नेमका तोच सव्वा महिना आपण तिला खोलीत निजवून ठेवतो, वर "पाणी कमी पी, पोट सुटेल" म्हणतो. आपल्या देशात बाळंतिणींच्या मेंदूतल्या शिरांत गुठळ्या व्हायच्या त्याचं एक कारण डॉक्टर हेच सांगतात. डिंकाचे लाडू द्या, शेक द्या, आणि तांब्याभर पाणीही द्या. घरातल्या घरात चालू द्या.

फाल्गुनात अष्टाह्निकेला आमच्या गावात माताजींचा संघ होता. जाऊ दर्शनाला गेली आणि इंजेक्शनाचं सगळं सांगून तिनं प्रायश्चित्त मागितलं. माझी खात्री होती की उपवास देतील, आणि गोळी तर जेवणाबरोबर घ्यायची. माताजींनी आधी औषध कधीपर्यंत आहे ते विचारलं. मग णमोकाराच्या माळा दिल्या, एक दिवस मीठ सोडायला सांगितलं, उपवास दिला नाही. जाऊ उठायला लागली तशी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "आणि गोळ्या कुणी सांगितल्या होत्या?" ती खाली बघत राहिली. त्या म्हणाल्या, "पायथ्याशी बसून मनात नाव घ्यायला कोण अडवत होतं? भावानं वंदना होत नाही का?" आवाज चढलेला नव्हता. पण भोवती बसलेल्या सात-आठ जणींनी एकमेकींकडे पाहिलं, ते मी पाहिलं.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा डॉपलर झाली, गुठळी विरली होती. गोळ्या थांबल्या. संप्रेरकांच्या गोळ्या तिला आयुष्यभर वर्ज्य, कुठलीही शस्त्रक्रिया असो, आधी ही हकिकत सांगायची, लांबच्या प्रवासात दर तास-दीड तासाला उठून चालायचं. डाव्या पायात संध्याकाळी अजून थोडी सूज येते, गुडघ्यापर्यंतचा घट्ट मोजा घालून ती स्वयंपाक करते.

आमच्या महिला मंडळाची मांगीतुंगीची यात्रा ठरते आहे. यावेळी यादी करणाऱ्या काकींनी प्रत्येकीला फोन करून तारीख विचारली, चक्क तीच तारीख, आणि बहुतेकींना जमेल असा आठवडा निवडला. ज्यांना जमणार नाही त्यांना पुढच्या गटात घातलं. ही साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला सुचली नव्हती. गाडी दर दोन तासांनी थांबणार, आणि थांबायच्या जागा संडास बघून ठरवल्या आहेत.

भाद्रपद तोंडावर आला आहे. दशलक्षणात जावेला डॉक्टरांनी एकाशन करायला परवानगी दिली आहे, दिवसा पाणी भरपूर प्यायच्या बोलीवर. निर्जळ यंदा नाही. तिनं कॅलेंडरवर बघितलं, तिचे दिवस नेमके सुगंधदशमीला येतात. काल ती धुपाची पुडी घेऊन माझ्या खोलीत आली, कपाटात वरच्या फळीवर ठेवली आणि म्हणाली, "अक्का, माझ्या वाटचा तुम्ही वाहा. चतुर्दशीच्या अभिषेकाला मी येतेच."